एकाहत्तर कागदांचा दंड

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिला सगळे घडीवाली म्हणत. मोठ्या चादरीची घडी घालायला तिथे दोन माणसं लागत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. ही मात्र चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबून एकटीच घालायची, आणि घडी अशी की कडा कडेला चिकटलेली. सत्तावीस वर्षं तिनं तेच केलं होतं. वाफेनं तिच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असे.

घरी ती आणि धाकटा, दोघंच. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वय चव्वेचाळीस, पण आई शेवटपर्यंत धाकटाच म्हणाली, म्हणून गल्लीलाही तो धाकटाच. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही आलं नाही. शाळेनं घेतलं नाही. मग आईनं आणि हिनं मिळून त्याच्यासाठी हातांची भाषा तयार केली. ओठाला अंगठा म्हणजे चहा. गालावर तळवा म्हणजे आई. मनगटावर दोन टिचक्या म्हणजे ताई, कारण ही त्याला मनगट धरून फिरवायची. अशा दोन-अडीचशे खुणा असतील. ती भाषा तिघांना येत होती. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. म्हणजे धाकट्याचं बोलणं समजणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते सकाळी सातला कामावर जाऊन दुपारी चारला परत येत होतं.

धाकटा एका बाइंडरकडे कामाला होता. बावीस वर्षं त्यानं जुन्या पुस्तकांच्या पाठी उसवल्या, पानं शिवली, खळ लावून पुठ्ठे चढवले. मग मालकाचं वय झालं, मुलांना धंदा नको होता, दुकान बंद झालं. धाकटा घरी बसला. बसला कसला, त्याच्या हातांना चैन नव्हतं. शेजाऱ्यांच्या वह्या, हिचं बँकेचं पुस्तक, भिंतीवरचं कॅलेंडर, जे शिवलेलं दिसेल ते तो उसवायचा आणि पुन्हा नीट शिवून ठेवायचा. पहिल्यांदा सगळे हसले. चौथ्या महिन्यात कुणी हसत नव्हतं.

त्या दिवशी हिनं धुलाईखान्याचं मोठं रजिस्टर घरी आणलं होतं. सकाळी तपासणी होती, आणि आकडे जुळवायचे राहिले होते. पहाटे उठून बघते तर रजिस्टरची पानं जमिनीवर पसरलेली, क्रम मोडलेला, आणि मध्ये धाकटा सुईत दोरा ओवत खुशीत बसलेला. हिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं त्याच्या हातावर फाडकन मारलं. सुई उडून कुठेतरी पडली. आणि मग तिनं एक खूण केली. तळवा पुढे ढकलायचा, दोनदा. ही खूण ते दारात आलेल्या कुत्र्यासाठी वापरत.

पानं कशीबशी गोळा करून ती कामावर गेली. चार वाजता आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि धाकटा नव्हता.

पहिले दोन दिवस तिनं पायांवर काढले. बाइंडरचं बंद दुकान, आईबरोबर तो जायचा ती बाग, बसचे थांबे. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. "काही भांडण वगैरे?" हवालदारानं विचारलं. "नाही," ती म्हणाली. त्यानं तसंच लिहून घेतलं.

धुलाईखान्याच्या मागेच रुग्णालयाचं शवागार होतं. रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती तिथल्या माणसाला विचारायची, "बेवारस कुणी?" तो मान हलवायचा. एकदा त्यानं मान हलवली नाही. "बघून घ्या," म्हणाला. ती आत गेली. चादर तिनंच घडी घातलेली होती, कडा तिनं ओळखली. चेहरा दुसऱ्याच कुणाचा होता. बाहेर येऊन ती पायरीवर बसली, आणि आपल्याला आनंद झाला याची तिला इतकी लाज वाटली की पाणीसुद्धा तिनं कुणाला मागितलं नाही.

पाचव्या दिवशी तिनं कागद छापून घेतले. धाकट्याचा फोटो, "हरवला आहे, ऐकू-बोलू येत नाही, उजव्या भुवईवर व्रण", आणि खाली तिचा फोन नंबर. साठ कागद, कारण तेवढ्यापुरतेच पैसे जवळ होते. घरीच पातेल्यात खळ शिजवली आणि दोन दिवस कामावरून सुटल्यावर हिंडून साठही कागद लावले. दिव्याचे खांब, बसथांबे, शाळेची भिंत, विजेच्या पेट्या. एकेक कागद लावताना ती त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवायची, बुडबुडा राहू नये म्हणून.

फोन यायला लागले. एकानं सांगितलं, तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा. "त्याच्या भुवईवर काय आहे?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "व्रण." कागदावर छापलेलंच. "कुठल्या हाताचं बोट वाकडं आहे?" तर फोन बंद. एक बाई नुसतीच हळहळली, अर्धा तास. एका पोरीनं फोन करून हसून ठेवून दिला. नवव्या दिवसानंतर फोन एकाएकी थांबले, आणि ते फोनांपेक्षा वाईट होतं.

बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा तिच्या हनुवटीखाली चादर होती. "ते हरवलेल्या माणसाचे कागद आहेत ना खांबांवर, त्यावरचा नंबर हाच का?"

"हो! हो! सापडला का?"

"पालिकेच्या प्रभाग कार्यालयात या. पहिला मजला. आजच या."

चादर जमिनीवर पडली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ती तशीच निघाली, चपला रबरी, कमरेला ओला फडका. रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, "जरा दामटा, माझा भाऊ सापडलाय." जिन्यावर तिला धाप लागली. पहिल्या मजल्यावर पाटी होती: आकाशचिन्ह व परवाना विभाग. तिला त्यातलं काही कळलं नाही. आत टेबलामागे एक निरीक्षक बसला होता, चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. ती खोलीभर नजर फिरवत राहिली. बाकावर कुणी नव्हतं.

"कुठंय?" तिनं विचारलं.

"काय कुठंय?"

"माझा भाऊ."

निरीक्षकानं चष्मा खाली घेतला. त्याला कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर त्यानं कागदांत डोकं घातलं. "बाई, ते नाही. ही नोटीस आहे. विनापरवाना फलक व भित्तिपत्रकं लावून सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण. एकाहत्तर नग. इथे सही करा."

"विद्रूप… काय?"

"शहर घाण केलं म्हणून दंड."

आकडा तिच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. पण तो तिला नंतर दिसला. आधी तिला दुसरंच कळलं. "म्हणजे तुम्ही कागद काढलेत?"

"मोहीम होती. सगळे काढले."

फोन का थांबले ते तिला तिथे कळलं. ती टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. मग तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "अहो, माणूस हरवलाय! गाईडची नाही, साबणाची नाही, माणसाची जाहिरात लावली मी! तो बोलू शकत नाही, तुम्हाला कळतंय का? त्याच्याऐवजी ते कागद बोलत होते!"

"परवानगी मागायची होती. अर्ज मिळतो."

"किती दिवसांत मिळते?"

"पंधरा."

"आज बारावा आहे."

निरीक्षक वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, हळू आवाजात सांगितलं की मान्य नसेल तर हरकत घ्या, उद्या सकाळी अकराला मॅडमपुढे सुनावणी असते, एखादेवेळी कमी करतील. "निदान कागद परत द्या," ती म्हणाली, "पुन्हा लावते." ते लगदा करायला गेले होते. "आणि पुन्हा लावलेत तर दंड दुप्पट होतो," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं, कारण तो खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी येताना ती ज्या ज्या खांबाजवळून गेली त्या त्या खांबावर चौकोनी फिकट डाग होता. तिनं नोटीस घरी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना आकड्यावर अडखळली. एकाहत्तर. तिनं साठ छापले होते. मोजून घेतले होते, मोजून लावले होते. आयुष्यभर तिनं चादरी मोजल्या होत्या; मोजण्यात ती चुकत नसे. दंडाचं काहीही होवो, निदान हे तरी ती त्यांच्या तोंडावर फेकणार होती. बारा दिवसांत भांडायला कुणी मिळालं नव्हतं. आता मिळालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुनावणीला तिला पावणेबाराला आत घेतलं. मॅडम पन्नाशीच्या होत्या, समोर फायलींचा ढीग, बोलणं तुटक पण अपमान करणारं नव्हे. निरीक्षक बाजूला संगणक घेऊन बसला होता.

"तुमचं म्हणणं काय? कागद लावले नाहीत?"

"लावले. साठ लावले. हे अकरा कुणाचे माझ्या अंगावर घातलेत?"

"मोजणीत फरक पडू शकतो."

"माझ्या मोजणीत पडत नाही."

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग निरीक्षकाला म्हणाल्या, "फोटो दाखवा यांना. एकेक."

प्रत्येक कागद काढायच्या आधी पथकानं त्याचा फोटो घेतला होता. संगणकावर धाकटा आला. पुन्हा आला. पुन्हा. तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि सांगायला लागली. "हा शाळेच्या भिंतीचा, माझा. हा विजेच्या पेटीवरचा, माझा. हा थांब्याचा, वाकडा लागलाय, तेव्हा बस आली होती. माझा." निरीक्षक पुढे ढकलत गेला. तिला प्रत्येक जागा आठवत होती. साठावा झाला. ती थांबली.

एकसष्टावा फोटो आला. तोच चेहरा, पण काळपट, प्रतीवरून प्रत काढल्यासारखा. खालचा पट्टा, जिथे तिचा नंबर होता, तो नव्हताच. कागद तिथे फाटलेला असावा आणि फाटकी कडाही प्रतीत उतरली होती. त्या खालच्या रिकाम्या जागेत जाड पेनानं, मोठ्या गिचमिड अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं.

"हा माझा नाही. हे काय लिहिलंय? मोठं करा."

निरीक्षकानं फोटो मोठा केला. तिघांनीही एकदमच वाचलं.

हा मानूस आमच्याकडे आहे. रद्दीचं गोदाम, धान्य बाजार, टाकीच्या मागं.

निरीक्षकानं पुढचा फोटो काढला. तेच अक्षर. पुढचा. तेच. अकराच्या अकरा.

"फोटो कधीचा आहे?" मॅडमनी विचारलं.

"चार दिवस झाले," निरीक्षक म्हणाला. "एकच चेहरा म्हणून एकाच नावावर टाकले. मॅडम, आम्ही… आम्ही मोजतो फक्त. वाचत नाही."

चार दिवस. चार दिवस ती शवागाराच्या दारात उभी राहत होती आणि पत्ता इथे या खोलीत, या डब्यात पडून होता. ती उठली.

"थांबा, हजेरीची सही…" मॅडम म्हणाल्या. ती तोवर जिन्यात होती.

धान्य बाजार शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसमध्ये ती बसली नाही, दांडा धरून दाराशी उभी राहिली, जणू उभं राहिल्यानं बस लवकर पोचणार होती. चार दिवस म्हणजे किती असतात, हेच डोक्यात घोळत होतं. चार दिवसांत माणूस पुन्हा कुठेही जाऊ शकतो. ती स्वतःच तर नऊ तासांत त्याला गमावून बसली होती. टाकी दिसली तशी ती उतरली आणि धावतच पत्र्याच्या शेडपर्यंत पोचली.

दारात तराजूपाशी एक धिप्पाड बाई गोणीवर बसली होती. हिनं तोंड उघडायच्या आधीच तिनं हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मनगटावर दोन टिचक्या, ती तुम्हीच का?" रद्दीवालीनं विचारलं.

घडीवालीनं कशीतरी मान हलवली.

"अहो मग किती दिवस लावलेत! रोज करतोय तसं. मला वाटलं घड्याळ हवंय, एक जुनं आणून दिलं तर फेकून दिलं त्यानं." ती उठली आणि चालता चालता सांगत राहिली. हा बाजारात रद्दीच्या गाडीच्या मागे मागे चालत आला, कागद बघून. हाकलला तर जाईना. बसल्या बसल्या तिची सगळी जुनी पुस्तकं शिवून टाकली, मग कोण हाकलतंय. एक दिवस रस्त्यात पडलेला फाटका कागद घेऊन आला, स्वतःचाच फोटो, आणि छाती बडवायला लागला. "खाली नंबर नाही. चौकीवर सांगितलं, ते म्हणाले घेऊन या. खाकी कपडे बघून हा गोण्यांमागं लपला. मग मीच प्रती काढल्या, पोराच्या पेनानं लिहिलं, लावल्या. दुसऱ्याच दिवशी ती पालिकेची गाडी आली आणि सगळं खरवडून गेली. पुन्हा लावायला माझ्याकडं वेळ कुठला?"

शेडच्या मागच्या बाजूला, उंच गठ्ठ्यांच्या मध्ये, धाकटा मांडी घालून बसला होता. दाढी वाढलेली. अंगात कुणाचा तरी सैल सदरा. मांडीवर एक पुस्तक, दातांत दोरा. सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं.

त्यानं तिला पाहिलं. मग त्यानं डोळे मिटून घेतले.

धाकट्याशी भांडायचं झालं तर एवढंच पुरे असे. कानांनी ऐकू न येणाऱ्यानं डोळे मिटले की त्याच्याशी बोलायला दुसरी वाट उरत नाही. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं खांदा झटकला. मनगटावर दोन टिचक्या मारल्या. त्यानं हात काखेत घातला. तिनं त्याला हलवलं, रडली, मोठ्यानं "अरे बघ ना रे" म्हणाली, ज्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. रद्दीवाली जरा वेळ उभी राहिली आणि तराजूकडे निघून गेली.

शेवटी घडीवाली त्याच्यासमोर जमिनीवर बसली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. तिचे हात सवयीनं शेजारच्या गठ्ठ्यातला एकेक मोठा कागद उचलून घडी घालायला लागले, पण समोरचं नीट दिसत नव्हतं. एक घडी वाकडी. दुसरी त्याहून वाकडी. तिसऱ्या घडीला एक हात पुढे आला आणि तो कागद तिच्या हातातून हिसकावून घेतला. धाकट्यानं कागद पुन्हा उलगडला, कडेवर कडा ठेवली, नखानं दाबत घडी घातली आणि तिच्यासमोर आपटली. असं घालतात.

डोळे आता उघडे होते. "चुकलं" अशी खूण त्यांच्या भाषेत नव्हती. आईला कधी लागली नव्हती. तिनं स्वतःचा उजवा हात पुढे धरला आणि डाव्या हातानं त्यावर फाडकन मारलं, त्या दिवशीसारखं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारायला गेली तेव्हा त्यानं तिचा हात पकडला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग ओठाला अंगठा लावला. चहा.

रद्दीवालीनं तिघांना चहा मागवला.

पालिकेचा आदेश पंधरा दिवसांनी आला. सुनावणीत हजेरीची सही नसल्यानं अर्जदार गैरहजर, सबब एकाहत्तर नगांचा पूर्ण दंड कायम. ती पुन्हा पहिल्या मजल्यावर गेली. यावेळी बरोबर धाकटा होता. आता ती त्याला शक्यतो घरी एकटं ठेवत नसे. निरीक्षक उठून उभा राहिला आणि त्याच्याकडे असं बघत राहिला, जणू फोटोतून कुणी खाली उतरलंय. मॅडमनी तिला आत बोलावून घेतलं.

"अपील करा," त्या म्हणाल्या. "अकरा तुमचे नाहीत, ते मी लगेच वजा करते. साठांसाठी वर जावं लागेल, तिथे काय होईल सांगता येत नाही."

"उलटं करा," घडीवाली म्हणाली. "त्या अकरांचे आजच भरते, पावती माझ्या नावानं फाडा. त्या बाईंना नोटीस जायला नको. साठांसाठी मात्र मी भांडणार."

आणि ती भांडली. सात महिने, चार तारखा, प्रत्येक वेळी अर्धी रजा. सहीशिवाय ती एकदाही खोलीबाहेर पडली नाही. शेवटी निम्मा दंड माफ झाला आणि निम्मा चार हप्त्यांत भरायचा ठरला. तिला तो विजय वाटला नाही, पण हारही वाटली नाही. दरम्यान एकदा चौकीवरून हवालदार घरी येऊन गेला. तुमच्या भावाचा तपास चालू आहे, असं लिहिलेल्या कागदावर त्याला सही हवी होती. दार धाकट्यानंच उघडलं होतं.

धाकटा आता आठवड्यातले तीन दिवस रद्दीच्या गोदामात जातो. ती त्याला सकाळी बसमध्ये बसवून देते, तिकडे रद्दीवाली उतरवून घेते. तिला ते अजून पटलेलं नाही. पहिल्या दिवशी बस सुटली तेव्हा खिडकीतून त्यानं तिच्याकडे बघून तळवा पुढे ढकलला, दोनदा. ती बसमागे दोन पावलं धावली. मग तिनं पाहिलं, तो हसत होता. तिला कामाला उशीर होत होता, म्हणून तो तिला हाकलत होता.